पाच वर्षांचा राजा आणि पंधरा वर्षांचे कलम

३ ऑगस्ट १९५७ रोजी मलायातील (आजच्या मलेशियातील) नऊ राज्यांच्या राजपरिषदेने आपल्यातल्याच एकाची सबंध देशाचा राजा म्हणून निवड केली. ब्रिटिश सत्ता जायला तेव्हा चार आठवडे उरले होते. पसंतीचा क्रम गादीवर येण्याच्या ज्येष्ठतेनुसार होता. जोहोरचे सुलतान इब्राहिम १८९५ पासून गादीवर होते, त्यामुळे पहिला मान त्यांचा. त्यांनी तो स्वीकारला नाही. दुसरे नाव पाहांगचे सुलतान अबू बकर यांचे. त्यांना पुरेशी मते पडली नाहीत. तिसरे नाव नेगेरी सेंबिलानचे तुंकू अब्दुल रहमान यांचे होते आणि ते निवडून आले, तेही केवळ पाच वर्षांसाठी. एका राजाने दुसऱ्या राजाच्या विरोधात गुप्त मतदान करावे, आणि ज्याची पाळी होती त्याने ते मुकाट्याने मान्य करावे, हा प्रसंग राज्यशास्त्र शिकवण्याच्या माझ्या साऱ्या वर्षांत मला पुन्हा पुन्हा आठवत आला आहे.

या मतदानाची रीत घटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात बारकाईने लिहिलेली आहे. राजा अल्पवयीन असेल, त्याने स्वतः नकार कळवला असेल, किंवा शारीरिक अथवा मानसिक दुर्बलतेमुळे वा अन्य कोणत्याही कारणामुळे तो या पदाला योग्य नाही असा ठराव नऊपैकी पाच जणांनी गुप्त मतदानाने केला असेल, तर त्याचे नाव बाजूला पडते. ‘अन्य कोणत्याही कारणामुळे’ हे शब्द मुद्दाम ठेवलेले आहेत, कारण ते कारण कोणी कोणाला सांगायचे नाही. मतपत्रिकांवर क्रमांक नसतो, सर्वांनी एकाच प्रकारच्या लेखणीने आणि शाईने खूण करायची असते आणि निकालानंतर त्या मतपत्रिका राजांच्या समोरच नष्ट केल्या जातात. कोणी कोणाविरुद्ध मत दिले याची नोंद उरत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून त्या नऊ जणांना एकमेकांशी सोयरिकीचे संबंध पूर्ववत चालू ठेवता येतात. ज्यांनी ही कलमे लिहिली त्यांना कायद्याइतकीच माणसांची आणि घराण्यांची पारख होती, असे मला वाटते.

माझे बालपण परभणीत गेले. निजाम हा विषय आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात सतत असे, आणि हैदराबाद मुक्त झाल्यानंतरही तोच निजाम १९५० पासून हैदराबाद राज्याचा राजप्रमुख म्हणून राहिला होता, याची बोच त्यांच्या आवाजात असे. ते पद १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेबरोबर संपले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आपल्याकडे हा प्रश्न असा विलीनीकरणाने सुटला. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातील काही संस्थानिकांनी १९४७ मध्ये एकत्र येऊन एक संघ उभा करण्याचा प्रयत्न केला होता, पण तोही काही महिन्यांतच मुंबई प्रांतात विरून गेला. औंधच्या पंतप्रतिनिधींसारख्या राजाने स्वातंत्र्यापूर्वीच प्रजेच्या हाती कारभार दिला होता, तरीही औंधचे वेगळे अस्तित्व उरले नाही. म्हणून १९५६ च्याच जून ते ऑक्टोबर या महिन्यांत, म्हणजे इकडे राजप्रमुखपद मोडीत निघण्याच्या बेतात असताना, तिकडे मलायात एक आयोग गावोगाव फिरून नऊ राजांना नव्या लोकशाहीत कसे बसवायचे याच्या साक्षी घेत होता, हे मला पहिल्यांदा समजले तेव्हा मी त्या आयोगाचा अहवाल मिळवून वाचला.

मलायातील राजांना वाचवले ते त्यांच्या प्रजेने, हे आधी लक्षात घ्यावे लागते. जपानी अंमल संपल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये सर हॅरॉल्ड मॅकमायकेल हे ब्रिटिश दूत एकेका दरबारात गेले आणि सार्वभौमत्व ब्रिटिश राजमुकुटाकडे सोपवणाऱ्या करारांवर त्यांनी नऊही राजांच्या सह्या मिळवल्या. युद्धकाळात जपान्यांशी जुळवून घेतल्याचा ठपका येईल, गादी राहील की नाही हेच ठरेल, या धास्तीपोटी बहुतेकांनी फारशी चर्चा न करता सही केली. या सह्यांच्या आधारावर १ एप्रिल १९४६ रोजी मलायन युनियन जन्माला आली. त्या दिवशी गव्हर्नर सर एडवर्ड जेंट यांच्या शपथविधीला राजांनी हजर राहायचे होते. ते क्वालालंपूरच्या स्टेशन हॉटेलात उतरले होते. तिथे मलय नेते दातो ओन जाफर यांनी त्यांना सांगितले की समारंभाला जाऊ नका. राजे गेले नाहीत. मलय पुरुषांनी आपल्या काळ्या टोप्यांना सात दिवस पांढरी पट्टी बांधून सुतक पाळले. पुढच्याच महिन्यात, ११ मे १९४६ रोजी, जोहोर बाहरू येथे ‘अम्नो’ या पक्षाची स्थापना झाली आणि दोन वर्षांच्या आत, १ फेब्रुवारी १९४८ रोजी, युनियन गुंडाळून मलायाचे संघराज्य आले. राजांचे सार्वभौमत्व त्यांना परत मिळाले.

परत मिळाले खरे, पण त्याचा आधार आता बदललेला होता. तोवर प्रजा राजाची होती. स्टेशन हॉटेलातल्या त्या दिवसानंतर राजे प्रजेच्या भरवशावर राहिले. पुढे राज्यघटना तयार होताना राजांच्या मागण्यांना जी मर्यादा पडली तिचे मूळ इथे आहे. आपल्याकडच्या संस्थानिकांना असा दिवस लाभला नाही. प्रजामंडळांची चळवळ त्यांच्याविरुद्ध उभी होती, त्यांच्या बाजूने नाही.

१९४८ पासून कम्युनिस्ट बंडामुळे देशात आणीबाणी होती. २७ जुलै १९५५ रोजी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ५२ जागांपैकी ५१ जागा ‘अलायन्स’ने जिंकल्या. ही मलय लोकांची अम्नो, चिनी लोकांची एमसीए आणि भारतीयांची एमआयसी या तीन पक्षांची आघाडी होती. मतदारांपैकी सुमारे ८४ टक्के मलय होते, आणि तरीही आघाडीने १५ जागांवर चिनी आणि २ जागांवर भारतीय उमेदवार उभे केले व ते सगळे निवडून आले. केदाहच्या राजघराण्यातले, विलायतेत बॅरिस्टर झालेले तुंकू अब्दुल रहमान मुख्यमंत्री झाले. (पहिल्या राजाचे आणि पहिल्या पंतप्रधानांचे नाव एकच, त्यामुळे वाचताना सावध राहावे लागते.) १९५६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत लंडनमध्ये परिषद झाली. तिला अलायन्सचे प्रतिनिधी आणि राजांचे प्रतिनिधी एकत्र गेले. स्वातंत्र्याची तारीख आणि घटना आयोग या दोन्ही गोष्टी तिथे ठरल्या.

आयोगावर एकही स्थानिक माणूस नव्हता. अध्यक्ष ब्रिटनचे न्यायमूर्ती लॉर्ड रीड. सदस्य केंब्रिजचे घटनापंडित सर आयव्हर जेनिंग्ज, ऑस्ट्रेलियाचे माजी गव्हर्नर जनरल सर विल्यम मॅकेल, पाकिस्तानचे न्यायमूर्ती अब्दुल हमीद आणि भारताचे बिधुभूषण मलिक, जे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश होते. बाहेरचे लोक निःपक्षपाती राहतील, ही मुख्यमंत्री तुंकूंची भूमिका होती. आयोगाच्या ११८ बैठका झाल्या, १३१ निवेदने आली, आणि मग सदस्यांनी रोममध्ये बसून अहवाल लिहिला. भारताची संविधान सभा जवळजवळ तीन वर्षे चालली, तिच्यातला शब्द न् शब्द छापलेला आहे आणि डॉ. आंबेडकरांनी एकेका कलमासाठी केलेला युक्तिवाद आजही वाचता येतो. मलायाला असा ग्रंथसंग्रह नाही. लोकांनी निवडलेल्या सभेत कलमवार भांडण झाले नाही, ही उणीव मला मोठी वाटते. आपण स्वतः भांडून मिळवलेला मजकूर आणि तज्ज्ञांनी लिहून दिलेला मजकूर यांच्याशी लोकांचे नाते सारखे राहत नाही.

तरीही आयोगाचे काम हिशेबी आणि प्रामाणिक होते. न्यायालयात दाद मागता येईल असे मूलभूत अधिकार, केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन विषयसूची, आणीबाणीच्या तरतुदी या सर्वांत भारतीय घटनेचा हात स्पष्ट दिसतो. गंमत म्हणजे त्याच जेनिंग्जनी काही वर्षांपूर्वी मद्रासला दिलेल्या व्याख्यानांत आपल्या घटनेच्या लांबीवर आणि ताठरपणावर टीका केली होती.

निवडून येणारा राजा ही कल्पना मात्र आयोगाची नव्हे. राष्ट्रप्रमुख राजांमधूनच निवडलेला आणि घटनेने बांधलेला असावा, हे लंडन परिषदेतच ठरलेले होते, आणि त्याची परंपरा घरचीच होती. नेगेरी सेंबिलानमध्ये सुमात्राहून आलेल्या मिनांगकाबाऊ लोकांची वस्ती आहे. तिथला राजा बापाकडून मुलाकडे आपोआप जात नाही. सुंगाई उजोंग, जेलेबू, जोहोल आणि रेंबाऊ या चार प्रदेशांचे उंदांग, म्हणजे परंपरागत प्रमुख, राजघराण्यातल्या पुरुषांमधून त्याची निवड करतात. एका छोट्या राज्याची ही रीत सबंध देशाच्या राजपदाचा साचा ठरली आणि पहिला राजाही त्याच राज्यातून आला. घटना बाहेरच्यांनी लिहिली, पण तिच्यातले सर्वांत अनोखे कलम त्याच मातीतले आहे.

नातेवाइकांकडे मुक्कामाला असताना मी क्वालालंपूरचा जुना राजवाडा पाहिला. आता तिथे संग्रहालय आहे. ही वास्तू मुळात चान विंग नावाच्या कथिलाच्या खाणमालकाने १९२८ मध्ये स्वतःच्या राहण्यासाठी बांधली होती. जपानी अधिकारी तिथे राहून गेले, मग काही काळ सेलांगोरच्या सुलतानाचा मुक्काम तिथे होता आणि १९५७ मध्ये ती देशाच्या राजाचे निवासस्थान झाली. आतल्या खोल्या दालनांसारख्या वाटत नाहीत. एका सधन व्यापाऱ्याच्या बंगल्याची ती मापे आहेत, छत फार उंच नाही, आणि सिंहासनाची खोली नंतर जोडलेली आहे हे जाणवते. या घरात दर पाच वर्षांनी नवे कुटुंब यायचे, आपले सामान लावायचे आणि मुदत संपली की आपल्या राज्यात परत जायचे. २०११ मध्ये नवा भव्य राजवाडा झाला. तो मी बाहेरूनच पाहिला. मला त्या जुन्या घरात घटनेचा अर्थ अधिक नीट दिसला, कारण तिथे कोणत्याही एका घराण्याची छाप पडायला वावच नव्हता. देशाच्या नोटांवर आजही चेहरा आहे तो पहिल्या राजाचा. गादीवर असलेल्याचा नाही.

राजपदाची ही मुदत किती उपयोगी ठरली हे कळण्यासाठी नेपाळकडे पाहावे. जेनिंग्ज यांनीच १९५८ मध्ये काठमांडूला जाऊन तिथल्या घटनेच्या मसुद्याला हातभार लावला. फेब्रुवारी १९५९ मध्ये ती घटना राजा महेंद्र यांनी दिली, निवडणूक झाली, बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले, आणि १५ डिसेंबर १९६० रोजी राजाने सैन्याच्या बळावर ते सरकार बरखास्त करून कोइरालांना तुरुंगात टाकले. मसुदा लिहिणारा हात तोच होता. पण नेपाळात राजा एकच होता, सैन्य त्याचे होते आणि घटना त्याने दिलेली होती. मलायात राजे नऊ होते आणि त्यातला कोणीही पाच वर्षांहून अधिक काळ केंद्रस्थानी राहणार नव्हता. शिवाय राजधानीत गेलेल्या राजाला आपल्या राज्याचा कारभार एका प्रतिनिधीकडे सोपवावा लागतो. धर्मप्रमुखपद तेवढे त्याच्याकडे राहते. आपली माणसे, आपला दरबार, आपली जमीन यांपासून दूर बसवलेल्या राजाला बंड करायला ना वेळ मिळतो ना पाठबळ.

धर्माच्या कलमाची कथा याच अंगाने समजते. इस्लाम हा संघराज्याचा धर्म असावा, ही सूचना अलायन्सची होती. राजांच्या बाजूने तिला विरोध झाला, कारण आपापल्या राज्यात धर्माचे प्रमुख तेच होते आणि केंद्राने धर्मात हात घातला तर आपला तो अधिकार जाईल ही त्यांची भीती होती. आयोगाच्या बहुमताने ते कलम घेतले नाही. न्यायमूर्ती हमीद यांनी मात्र भिन्नमतपत्रिका लिहून ते घ्यावे असे सुचवले. पुढे ते तिसरे कलम म्हणून आले, पण राजांचे धर्मप्रमुखपद अबाधित राहील या पुस्तीसह.

आता ज्या कलमासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. १९५७ मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे ६३ लाख होती. त्यात मलय जेमतेम निम्मे, चिनी ३७ टक्क्यांच्या आसपास आणि भारतीय ११ टक्के होते. व्यापार आणि शहरे बहुतांशी मलयेतरांच्या हाती, तर मलय माणूस भातशेतीत आणि मासेमारीत होता. तडजोड अशी झाली की स्वातंत्र्यानंतर त्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिकत्व मिळेल, आणि मोबदल्यात मलय लोकांना सरकारी नोकऱ्या, शिष्यवृत्त्या व धंद्याचे परवाने यांत राखीव वाटा राहील. हेच कलम १५३. रीड आयोगाला त्या वाट्याची गरज मान्य होती. पण त्यांनी एक अट सुचवली होती: १५ वर्षांनी सरकारने या तरतुदीचा आढावा घेऊन अहवाल संसदेपुढे ठेवावा, म्हणजे ती चालू ठेवायची, कमी करायची की संपवायची हे संसद ठरवील.

अहवाल फेब्रुवारी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश उच्चायुक्त, मुख्य सचिव, महान्यायवादी, राजांचे चार व अलायन्सचे चार प्रतिनिधी अशा अकरा जणांच्या समितीकडे गेला. तिथे ती १५ वर्षांची अट गळाली. अम्नोच्या कार्यकर्त्यांत आयोगाच्या अहवालाविरुद्ध असंतोष होता आणि तुंकूंना तो सांभाळायचा होता. कलमाची राखण राजाकडे सोपवली गेली. त्या वेळच्या नेत्यांची अडचण मला कळते. बंड चालू होते, निवडणुकीतला ऐक्याचा जोर टिकवायचा होता आणि ऑगस्टची तारीख जवळ आली होती. तरीही ही त्या घटनेतली सर्वांत महागात पडलेली काटछाट आहे, असे माझे ठाम मत आहे. ज्यांनी राजालासुद्धा पाच वर्षांची मुदत घातली, त्यांनी एका सामाजिक सवलतीला मुदत घातली नाही, आणि राजपद हे सर्व प्रजेचे असताना त्याच्या पदरात एका समाजाच्या हक्काचे रक्षण टाकले. आपल्या घटनेत कलम ३३४ मध्ये विधिमंडळातील राखीव जागांना दहा वर्षांची मुदत आहे. ती दर वेळी वाढवली गेली, अगदी २०३० पर्यंत. पण दर दहा वर्षांनी तो प्रश्न संसदेच्या पटलावर येतो, कोणाला तरी उभे राहून ‘का वाढवायची’ हे सांगावे लागते, आणि ते सांगणे नोंदले जाते. मलिक ज्या देशातून आले होते तिथे ही पद्धत नुकतीच लागू झालेली होती.

राजपदाची संस्था पुढे कसोट्यांना उतरली. पहिले राजे १ एप्रिल १९६० रोजी वारले; त्यांच्या जागी आलेले सेलांगोरचे सुलतान हिसामुद्दीन त्याच वर्षी १ सप्टेंबरला, राज्यारोहणाच्या नियोजित दिवशीच वारले. सहा महिन्यांत दोन मृत्यू होऊनही कोणताही वाद न होता पर्लिसच्या राजांची निवड झाली. १९८३ मध्ये विधेयकांवरील राजाच्या संमतीवरून आणि १९९३ मध्ये राजांना खटल्यांपासून असलेल्या संरक्षणावरून पंतप्रधान महातीर यांचे राजांशी भांडण झाले. दुसऱ्या खेपेला संरक्षण गेले आणि राजांवरील खटल्यांसाठी विशेष न्यायालय आले. फेब्रुवारी २०२० मध्ये महातीर यांनी राजीनामा दिल्यावर राजे अब्दुल्ला यांनी खासदारांना एकेक करून राजवाड्यात बोलावले आणि तुमचा पाठिंबा कोणाला, असे विचारले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोणालाच बहुमत मिळाले नाही, तेव्हा पाच दिवसांनी अन्वर इब्राहिम यांचा पंतप्रधानपदाचा शपथविधी त्यांनीच केला. पंतप्रधान नेमण्याचा विवेकाधिकार चाळिसाव्या कलमात १९५७ पासून पडून होता. तो इतक्या कसोटीने वापरण्याची वेळ क्वचितच आली होती.

कलम १५३ च्या वाट्याला असा सराव आला नाही. १० मे १९६९ च्या निवडणुकीनंतर १३ मे रोजी क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी लोकांत दंगल उसळली, आणीबाणी लागली आणि संसद स्थगित झाली. ती फेब्रुवारी १९७१ मध्ये पुन्हा भरली ती एका घटनादुरुस्तीसाठी. नागरिकत्व, राष्ट्रभाषा, मलय लोकांचे विशेष स्थान आणि राजांचे सार्वभौमत्व या चार गोष्टींवर प्रश्न उपस्थित करण्यास कायद्याने बंदी घालता येईल, असे त्या दुरुस्तीने ठरवले. अंमलबजावणीबद्दल बोलायला मोकळीक राहिली, तरतुदीच्या असण्याबद्दल नाही. संसदेत बोलणाऱ्या सदस्याचे संरक्षणही या विषयांपुरते काढून घेतले गेले, आणि ही कलमे बदलायची तर राजपरिषदेची संमती लागेल अशी अट घातली. रीड आयोगाची १५ वर्षांची मुदत कायम राहिली असती, तर तो आढावा १९७२ मध्ये संसदेपुढे आला असता.